भाऊबीजेच्या संत्र्यांना डाग कुणी लावला?



दिवाळी सरली की आपल्या निगडीतल्या जिन्यांमधून एक वास यायला लागतो. फराळाचा नव्हे, संत्र्यांचा. यमुनानगर घ्या, प्राधिकरण घ्या, रुपीनगर घ्या, विदर्भातलं एखादं तरी घर इमारतीत असतंच. कुणाचं माहेर वरूड-मोर्शीकडचं, कुणाचं काटोल-नरखेडचं, कुणाचं अचलपूर-चांदूरबाजारचं. कारखान्यातल्या नोकरीपायी माणसं इकडे आली, पण संत्र्याचा बगीचा तिकडेच राहिला. मग भाऊबीजेच्या सुमारास रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं एक खोकं येतं. सहाशे किलोमीटरांहून लांबून आलेलं ते खोकं, त्यावर मार्करनं लिहिलेलं आपलं नाव. ते उघडताना कसं वाटतं, हे ज्यांना माहेरची वाट लांब आहे त्यांना सांगायला नको.

आमच्या एका मैत्रिणीचं असंच खोकं आलं. वरची संत्री पिवळीधमक. तिनं शेजारी वाटली, आम्हालाही दोन-दोन दिली. तिसऱ्या दिवशी खालच्या थराला हात घातला, तर निम्मी संत्री तपकिरी! दाबून पाहिली तर मऊ नव्हती. चामड्यासारखी चिवट लागत होती, आणि वास असा उग्र की खोकं गॅलरीत नेऊन ठेवावं लागलं. तिनं रागाच्या भरात वहिनीला फोन लावला. म्हणाली, "वहिनी, वर चांगली लावून खाली नासकी भरायची होती, तर पाठवायचंच कशाला?"

पलीकडून एवढंच उत्तर आलं, "ताई, भरली तेव्हा एकाही फळाला डाग नव्हता. मी स्वतः पुसून भरली." आणि फोन ठेवला गेला. पंधरा दिवस दोघींचं बोलणं नाही.

मैत्रिणीनं हा किस्सा आम्हाला सांगितला तो तक्रार म्हणून. पण ऐकताना आमच्या मनात एक प्रश्न राहिला. वहिनी खरं बोलत असेल तर? पुसून, निवडून भरलेलं फळ तीन-चार दिवसांत आपोआप तपकिरी होऊ शकतं का? आम्ही ती फळं मागून घेतली, वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि घरीच एक छोटा प्रयोगही केला. त्यातून जे कळलं, तेच आज सांगणार आहोत.

आधी फळाची ओळख करून घेऊ. सगळी नासकी संत्री एकाच कारणानं नासत नाहीत. एक प्रकार तुम्ही नेहमी पाहता. साल आधी पाणचट मऊ होते, मग तिच्यावर पांढरी आणि लगेच हिरवी किंवा निळसर भुकटी धरते. फळ उचललं की ती भुकटी बोटांना लागते. ही पेनिसिलियम जातीची बुरशी. तिला आत शिरायला जखम लागते. तोडताना नख लागलं, देठ ओढून काढताना साल फाटली, खोक्यात खिळा टोचला, की तिला दार मिळालं.

दुसरा प्रकार किड्याचा. फळाला सुईनं टोचल्यासारखं बारीक छिद्र दिसतं आणि त्याच्याभोवती गोल कुजट डाग. रात्री येणारा रस शोषणारा पतंग किंवा फळमाशी हे काम करते.

तिसरा प्रकार आमच्या मैत्रिणीच्या खोक्यातला. छिद्र नाही, जखम नाही, भुकटी नाही. फिकट तपकिरी डाग, हळूहळू पसरून अख्खं फळ व्यापणारा, साल चिवट, वास उग्र. ही तपकिरी कूज. शेतकरी आणि कृषी विद्यापीठातली माणसं तिला ब्राऊन रॉट असंही म्हणतात. तिला जखमेची गरज नसते. धडधाकट, गुळगुळीत सालीतूनही ती आत जाते. तिला हवं असतं फक्त पाणी.

आता आमचा प्रयोग. एक डागाळ संत्रं आम्ही कोरड्या ताटलीत मोकळं ठेवलं. दुसरं डागाळ संत्रं ओल्या फडक्यावर, झाकणाच्या डब्यात ठेवलं आणि त्याला टेकवून बाजारातलं एक चांगलं संत्रं ठेवलं. ताटलीतलं फळ नुसतं काळपट तपकिरी होत गेलं, वर काही उगवलं नाही. डब्यातल्या फळावर दोन दिवसांत मखमलीसारखी पांढरी लव आली. आणि पाचव्या दिवशी शेजारच्या चांगल्या संत्र्यावरही डाग दिसला, नेमका जिथे ते टेकलं होतं तिथे. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो असं आपल्या आज्या म्हणत. ते डोळ्यांसमोर घडताना पाहिलं.

हा डाग लावणाऱ्याचं नाव आहे फायटोफ्थोरा. जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बारी यांनी १८७६ मध्ये हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'झाडांचा नाश करणारा'. ते बटाट्याच्या रोगाला दिलं होतं. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये याच कुळातल्या एका जातीनं बटाट्याची शेतंच्या शेतं कुजवली. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. आपल्या संत्र्यावरच्या जाती वेगळ्या, पण घराणं तेच.

बोलताना आपण याला बुरशी म्हणतो. दिसतेही बुरशीसारखीच. पण शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. तिचं नातं पाण्यातल्या शेवाळाच्या एका गटाशी जास्त जवळचं आहे. हा फरक पुस्तकी वाटेल, पण शेतकऱ्याच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. तो पुढे सांगतो.

शेवाळाची ही नातलग पाण्यात पोहते. खरोखर पोहते! जमिनीत ती वर्षानुवर्षं पडून राहते. पाऊस लागला, माती चिंब झाली, की तिच्यातून डोळ्यांना न दिसणारे बीजाणू सुटतात. त्यांना दोन बारीक शेपट्या असतात. मातीतल्या पाण्याच्या थरातून ते पोहत मुळांपर्यंत जातात. पावसाचा टपोरा थेंब मातीवर आपटला की उडालेल्या शिंतोड्याबरोबर ते खालच्या फांद्यांवरच्या फळांवर जाऊन बसतात. फळ काही तास ओलं राहिलं की काम झालं. काही जातींचे बीजाणू वाऱ्या-पावसाबरोबर वरच्या फळांपर्यंतही पोचतात. पंचवीस ते तीस अंश तापमान आणि सतत ओल, हे तिचे आवडते दिवस.

आता विदर्भातलं वेळापत्रक आठवा. संत्र्याला दोन मुख्य बहार. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतात. मृग बहार जून-जुलैत फुलतो आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो. म्हणजे दिवाळीला येणारं संत्रं आंबियाचं. ऑगस्ट-सप्टेंबरात ते चांगलं मोठं होऊन झाडावर लटकत असतं आणि नेमकी तेव्हाच झड लागते. खाली काळी कसदार जमीन, पाणी धरून ठेवणारी. झाड दाट, फळांच्या भारानं फांद्या मातीला टेकलेल्या. फायटोफ्थोराला याहून सोयीचं काय हवं? त्या दिवसांत झाडाखाली तपकिरी फळांचा सडा पडतो. याच फायटोफ्थोरामुळे खोडातून डिंक गळतो, त्याला तिकडे डिंक्या म्हणतात. मुळंही कुजतात. फळगळीला दुसरीही कारणं असतात, कीड, अन्नाची कमतरता, पाण्याचा ताण. पण झडीच्या दिवसांतल्या गळीत हिचा वाटा असतो.

आणि हेच आमच्या मैत्रिणीच्या भांडणाचं उत्तर. बीजाणू फळावर बसल्यापासून डाग दिसेपर्यंत चार-पाच दिवस, कधी आठवडाही जातो. तोडणीच्या आधी एखादी सर येऊन गेली असेल, तर रोग आत शिरलेलं फळही वरून लखलखीत दिसतं. वहिनीनं ते पुसलं, निवडलं, खोक्यात भरलं. खोक्यात ऊब आणि दमटपणा. वाटेत डाग उमटला आणि एकाचा दुसऱ्याला लागला. तळाशी दाब आणि ओल जास्त, म्हणून खालचा थर आधी गेला. वर चांगली आणि खाली नासकी, ही मांडामांड वहिनीनं केलेली नव्हती.

आम्ही हे मैत्रिणीला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "या वर्षी गळ किती झाली, हे मी विचारलंच नाही." तिनं फोन केला. तेव्हा कळलं की सप्टेंबरच्या झडीत त्यांच्या बागेतली निम्मी फळं खाली पडली होती. व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव उतरवला होता. उरलेल्यातून निवडून, सगळ्यात देखणी फळं वहिनीनं नणंदेसाठी बाजूला काढली होती.

मैत्रिणींनो, पुढची गोष्ट तुमच्यापैकी ज्यांच्या माहेरी-सासरी बाग आहे त्यांनी नीट ऐका, आणि फोनवर तिकडे सांगा.

पहिली गोष्ट औषधाची. बुरशी म्हटलं की दुकानदार कार्बेन्डाझिम हातात देतो, आणि शेतकरी मारतो. इतर बऱ्याच बुरशींवर ते चालतं, फायटोफ्थोरावर चालत नाही. कारण आताच सांगितलं, ती खरी बुरशीच नाही. पैसे जातात, फवारणीची मजुरी जाते आणि गळ चालूच राहते. हिच्यावर चालतात ती तांब्याची औषधं, फोसेटिल अ‍ॅल्युमिनियम, किंवा मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब यांचं मिश्रण. कोणतं, किती, आणि तोडणीच्या किती दिवस आधी थांबायचं, हे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारायचं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था हे दोन्ही जाणकार तर तिकडे हाकेच्या अंतरावर आहेत.

तांब्याच्या औषधात सगळ्यात जुनं बोर्डो मिश्रण. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षबागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडत. कशासाठी? येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून! प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं की त्याच वेलींची पानं केवडा रोगातून वाचली आहेत. त्यांनी अभ्यास केला आणि १८८५ मध्ये हे मिश्रण जगासमोर आलं. चोरासाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला.

एक टक्का बोर्डो घरी करता येतं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवायचा, लोखंडाचं भांडं नको. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या निवळीत ओतत ढवळायचं. त्यात लोखंडी सुरी किंवा खिळा थोडा वेळ बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. मिश्रण त्याच दिवशी वापरायचं. खोडाला लावायला पेस्ट हवी तर पाणी दहाच लिटर घ्यायचं. ती पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जमिनीपासून वर खोडाला लावतात. स्वयंपाकाची भांडी यासाठी कधीही घेऊ नका, मोरचूद विषारी आहे. हातमोजे आणि तोंडाला फडकं विसरायचं नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाऊस लागण्याआधीच दोन ओळींमधून उताराच्या दिशेनं चर काढलेले हवेत, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी पाणी साचत नाही. टेकलेल्या फांद्यांना बांबूचा आधार द्यायचा. झाडाखालचं तण काढायचं, म्हणजे हवा खेळते आणि फळ लवकर वाळतं. नवी कलमं लावताना कलमाचा जोड मातीखाली जाऊ द्यायचा नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती सगळ्यात स्वस्त आहे. झाडाखाली पडलेली फळं उचलायची. पडलेलं प्रत्येक तपकिरी फळ म्हणजे ओल्या मातीवर उघडं टाकलेलं बियाण्याचं पोतं. पुढच्या सरीला त्यातूनच नवे बीजाणू सुटून वर उडणार. ती गोळा करून बागेबाहेर खोल खड्ड्यात पुरायची, बांधावर फेकायची नाहीत आणि ओढ्यातही सोडायची नाहीत. हे काम एकदा करून भागत नाही, झड असेपर्यंत दर दोन-चार दिवसांनी करावं लागतं.

हे काम करतं कोण? घरच्या बाया, नाहीतर मजुरीवर आलेल्या बाया. वाकून, चिखलात, उग्र वासात. हात आखडता आला की पहिली मजुरी कापली जाते ती याच कामाची. "पडलेलं उचलून काय मिळणार, झाडावरचं बघा," असं म्हटलं जातं. पण झाडावरचं वाचतं ते पडलेलं उचलल्यानं. हजारो रुपयांच्या फवारणीला जी मान मिळते, तिच्यातली थोडी या वेचणीला मिळाली, तर फवारण्याही कमी लागतील.

हे फक्त संत्र्यापुरतं नाही. थंड मुलखात सफरचंद, पीच, प्लम या फळांनाही तपकिरी कूज होते. नाव सारखं असलं तरी तिथला चोर वेगळा. ती मोनिलिनिया नावाची खरी बुरशी. ती फळ कुजवते, मग ते फळ सुकून, सुरकुतून, काळं होऊन झाडावरच लटकत राहतं. हिवाळाभर बुरशी त्यात मुक्काम करते आणि वसंतात फुलं आली की त्यांच्यावर उतरते. तिथल्या बागायतदारांनाही पहिला सल्ला हाच असतो, की ती वाळलेली फळं झाडावरून आणि जमिनीवरून वेचून काढा. रोग वेगळा, मुलूख वेगळा, पण झाडूचं काम तेच.

आता खोकं घरी आल्यावर आपण काय करायचं? आल्या दिवशीच सगळं रिकामं करा. वरची खाऊन तळाशी जाऊ म्हणू नका. डागाळलेली लगेच वेगळी काढा. त्यांना टेकलेली चांगली फळं धुवा, पुसून पूर्ण कोरडी करा आणि आधी संपवा. बाकीची एका थरात, एकमेकांना न चिकटवता, हवेशीर जागी कागदावर पसरा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत अजिबात ठेवू नका. रोज एकदा नजर फिरवा.

आणि माहेरी निरोप द्या. फळं दव वाळल्यावर, कोरड्या उन्हात तोडा. जमिनीलगतची वेगळी ठेवा. तोडल्याबरोबर खोक्यात न भरता चार-पाच दिवस सावलीत पसरा. ज्यांच्यात रोग लपलेला असेल, ती तेवढ्यात ओळख देतील. उरलेली निवडून, भोकं असलेल्या खोक्यात, मध्ये कागद घालून पाठवा.

एक शेवटची गोष्ट, जी आमच्यातल्या प्रत्येकीनं केलेली आहे. डागाळलेलं फळ कापायचं, चांगला भाग मुलांना द्यायचा आणि उरलेला आपण खायचा. वाया कशाला घालवायचं! मैत्रिणींनो, फायटोफ्थोरा माणसाला रोग देत नाही, त्याची भीती नको. पण कुजलेल्या फळात ती एकटी राहत नाही, मागोमाग इतर बुरशी येतात. रसाळ फळात त्यांचे धागे डागाच्या बरेच पुढे गेलेले असतात. सफरचंदावरची एक बुरशी तर पॅट्युलिन नावाचं विष तयार करते, ते उकळूनही पूर्ण जात नाही. म्हणून कुजलेल्या फळांचा जॅम किंवा सरबतही नको. असं फळ सरळ ओल्या कचऱ्यात टाका. गच्चीवर लिंबाची कुंडी असेल तर त्या कुंडीत मात्र टाकू नका, लिंबू हे संत्र्याचंच भावंड आहे. आणि ते फळ आईनंही खायचं नाही. आपलं पोट ही काही कचऱ्याची बादली नव्हे.

आमच्या मैत्रिणीकडे डिसेंबरात दुसरं खोकं आलं. या वेळी संत्री पाच दिवस पडवीत पसरून मग भरलेली होती. तळापर्यंत दोनच खराब निघाली. तिनं तो फोटो वहिनीला पाठवला. उत्तर आलं, "ताई, खोकं तुम्ही पहिल्याच दिवशी रिकामं केलं ना?"

तेव्हा आज घरात जे फळांचं टोपलं असेल, ते कार्यक्रम संपला की एकदा पालथं करून पाहा. आणि माहेरहून खोकं आलेलं असेल तर फोन करताना आधी विचारा, "यंदा गळ किती झाली?" नमस्कार.